स्वतंत्र गायक-वादक आणि बँडसाठी प्रेस किट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्यामागे लेबल नाही, मॅनेजर नाही आणि जे आपली गाणी आपणच करतात, अशा गायक-वादकांसाठी आणि बँडसाठी हे पान आहे. उदाहरणं मुद्दाम इथलीच घेतली आहेत. प्रेस किटवर वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडातले क्लब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. संबळाला माइक कुठे लावायचा आणि ‘काळे’ आडनावाचं ‘काले’ होऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यात सापडत नाही.

प्रेस किट म्हणजे नेमकं काय?

तुमच्याबद्दल लिहायचं किंवा तुम्हाला कार्यक्रमाला बोलवायचं ठरलं की समोरच्या माणसाला जे जे लागतं, ते सगळं एका जागी नीट लावून ठेवलेलं. पूर्वी हे टपालाने जायचं: टाइप केलेला परिचय, चकचकीत कागदावरचा फोटो, कॅसेट किंवा सीडी, कात्रणांच्या झेरॉक्स. आता एक लिंक जाते, म्हणून त्याला इलेक्ट्रॉनिक प्रेस किट किंवा ‘ईपीके’ म्हणतात.

हे किट उघडणारी माणसं कोण, हे आधी डोळ्यांसमोर आणा. पुरवणीचं पान लावत बसलेला उपसंपादक. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी कलाकार शोधणारा आयोजक. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माइक मोजणारा साउंड इंजिनिअर. स्टेजवर तुमची ओळख करून देणारी निवेदिका. यातलं कुणीही तुम्हाला ओळखत नाही आणि सगळे घाईत आहेत. तुम्हाला एकदाही फोन न करता त्यांचं काम पूर्ण व्हावं, यासाठी किट असतं. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

आमची गाणी यूट्यूबवर आहेत, इन्स्टाग्रामवर रोज काही ना काही टाकतो. मग वेगळं किट कशाला?

इन्स्टाग्रामवरून छापण्याजोगा फोटो उतरवता येत नाही, बँडमध्ये कोण काय वाजवतं ते कळत नाही आणि गीतकाराचं नाव शोधायला पन्नास पोस्ट मागे जावं लागतं. रात्री साडेनऊला पान सोडायचं असताना उपसंपादक एवढं शोधत बसत नाही. तो दुसऱ्या कुणाची बातमी लावतो. तुमचं गाणं त्याला आवडलं नाही असं नसतं, त्याच्या हातात काही नसतं इतकंच.

किटमध्ये काय काय हवं?

छोटा आणि मोठा परिचय, फोटो, तीन गाणी, एक लाइव्ह व्हिडिओ, सदस्यांची नावं आणि वाद्यं, श्रेयनामावली, आजवरच्या निवडक कार्यक्रमांची यादी, असतील तर कात्रणं, स्टेजची तांत्रिक माहिती आणि एकाच माणसाचा संपर्क. लोगो असेल तर पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी फाइलमध्ये, म्हणजे आयोजकाला तो बॅनरवर टाकता येतो. शाळेतली प्रमाणपत्रं, सत्कारात शाल घेतानाचे फोटो आणि ज्याच्या-त्याच्यासोबतच्या सेल्फी नकोत.

परिचय किती लांबीचा असावा? आम्हाला स्वतःबद्दल लिहायला फार अवघड जातं.

तीन लांब्यांचे परिचय तयार ठेवा: एका वाक्याचा, साधारण ६० शब्दांचा आणि साधारण २५० शब्दांचा. एका वाक्याचा पोस्टरवर जातो, ६० शब्दांचा बातमीत जसाच्या तसा उतरतो आणि मोठा मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न काढायला उपयोगी पडतो.

अडचण बहुतेकांची सारखीच असते. परिचय असा सुरू होतो: ‘संगीत हा आमचा श्वास आहे. विविध शैलींचा सुरेल संगम साधत हा बँड रसिकांना एका अविस्मरणीय प्रवासावर घेऊन जातो.’ यातलं नाव झाकलं तर हा परिचय कुठल्याही बँडचा असू शकतो. बातमीदाराला यातून एकही मथळा मिळत नाही.

आता हा बघा: ‘साताऱ्यातला पाच जणांचा बँड. जात्यावरच्या ओव्या आणि गोंधळाची गाणी संबळ, तुणतुणं, इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्सवर वाजवतात. गायिकेच्या आजीने जपलेल्या ओव्यांपासून सुरुवात झाली, आता स्वतः लिहिलेल्या ओव्याही गातात. पहिला सहा गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, या डिसेंबरमध्ये येतो आहे.’ गाव, माणसं, वाद्यं, गाण्यांचा उगम आणि नवीन काय, हे सगळं चार वाक्यांत आलं. विशेषण एकही नाही, तरी हे ऐकावंसं वाटतं. ‘आजीच्या ओव्या, नातीची गिटार’ असा मथळा उपसंपादकाला आपोआप सुचतो, मग गिटार नात वाजवत नसली तरी! म्हणून कोण काय वाजवतं ते त्याच पानावर स्पष्ट लिहा.

परिचय नेहमी तृतीयपुरुषी लिहा. ‘आम्ही’ लिहिलंत तर बातमीदाराला प्रत्येक क्रियापद बदलत बसावं लागतं. गुरूंचं नाव जरूर द्या, पण ज्यांच्याकडे खरोखर शिकलात त्यांचंच. एका कार्यशाळेला बसलात तर ‘कार्यशाळेत मार्गदर्शन’ असं लिहा, ‘शिष्य’ लिहू नका. आपल्याकडे संगीताचं वर्तुळ लहान आहे, आणि असल्या गोष्टी गुरूंच्या कानावर जातातच. आकाशवाणीची श्रेणी मिळालेली असेल तर ती नक्की लिहा: बी, बी हाय, ए किंवा टॉप. ती ऑडिशन देऊन मिळते, त्यामुळे आयोजक तिला किंमत देतात.

किट मराठीत करायचं की इंग्रजीत?

दोन्ही भाषांत, आणि मराठी आधी. मराठी वर्तमानपत्रांना आपले बँड इंग्रजी परिचय पाठवतात, हे पाहून खरोखर वाईट वाटतं. गाणी मराठी, श्रोते मराठी, वर्तमानपत्र मराठी, आणि मधला कागद तेवढा इंग्रजी. मग डेस्कवरचा कुणीतरी घाईत भाषांतर करतो आणि तुमच्या गाण्याबद्दल तुम्ही कधीच बोलला नसता अशी वाक्यं तुमच्या नावावर छापून येतात.

त्याहून मोठा घोळ नावांचा. रोमन लिपीतलं नाव देवनागरीत आणताना ‘काळे’ की ‘काले’, ‘गोळे’ की ‘गोले’, ‘साठे’ की ‘साथे’, हे समोरच्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. पहिल्या बातमीत चूक झाली की पुढचे सगळे तीच बातमी बघून तेच लिहितात. म्हणून प्रत्येक सदस्याचं, गीतकाराचं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं आणि गाण्यांचं नाव दोन्ही लिप्यांत द्या. बँडचं नाव इंग्रजी असेल तर ते देवनागरीत कसं लिहायचं ते तुम्हीच एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे वापरा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा आणि तो वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये द्या. पीडीएफमधून देवनागरी मजकूर कॉपी केला की अनेकदा जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडतो. इन्स्टाग्रामसाठी केलेल्या सुंदर डिझाइनच्या चित्रातला मजकूर तर कॉपीच होत नाही. पीडीएफ दिसायला छान असते, ती ठेवाच, पण तिच्या शेजारी साधी मजकुराची फाइल असू द्या.

निवेदकासाठी वेगळं काही लागतं का?

हो, आणि हे जवळपास कुणीच देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत कुणीतरी माइकवर येऊन ओळख करून देतं. त्यांना वाचायला काही मिळालं नाही की ‘यांना ओळखीची गरज नाही’ असं म्हणून वेळ मारून नेली जाते, किंवा विंगेत घाईघाईने तुम्हालाच विचारलं जातं. मोठ्याने वाचायला पाऊण-एक मिनिट लागेल असा परिचय ‘निवेदनासाठी’ या नावाने वेगळा ठेवा. वाक्यं लहान ठेवा, कंसातलं काही नको, आणि वादकांची नावं वाद्यांसकट शेवटी. पाठवण्याआधी स्वतः एकदा मोठ्याने वाचून बघा.

फोटो किती आणि कसे?

पाच-सहा पुरतात. त्यात सगळ्या बँडचा एक आडवा, एक उभा, प्रत्यक्ष कार्यक्रमातला एक आणि मुख्य गायकाचा एक. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, ही नेहमीची अपेक्षा असते. म्हणजे वर्तमानपत्रात सहा इंच रुंद छापायचा फोटो रुंदीला किमान १,८०० पिक्सेल हवा. आजकालच्या बऱ्या फोनचा मूळ फोटो याहून मोठा असतो. बिघडतो तो पाठवताना. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

फोटोवर लोगो, नाव, तारीख काही छापू नका. डोक्याच्या वर आणि बाजूला थोडी जागा सोडा, कारण पानावर फोटो कसा कापला जाईल हे तुमच्या हातात नसतं. कडेला उभा राहिलेला बासरीवाला बहुतेक वेळा कापला जातो, म्हणून सगळे जरा जवळ उभे राहा. वाद्यं दिसू द्या. संबळ वाजवणारा बँड काळे चष्मे लावून भिंतीला टेकून उभा असेल तर त्या फोटोतून त्यांचं संगीत कळत नाही. रेल्वेच्या रुळांवर उभं राहून फोटो काढण्याची हौस अजून अनेकांना आहे. ते धोक्याचं आहे, आणि विनापरवाना रुळांवर जाणं हा गुन्हाही आहे.

फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं ठेवू नका. बँडचं नाव, आडवा की उभा, वर्ष आणि छायाचित्रकाराचं नाव एवढं फाइलच्या नावातच येऊ द्या. सोबत फोटोओळींच्या वेगळ्या फाइलमध्ये ‘डावीकडून’ असं लिहून सगळ्यांची नावं द्या.

मित्राने काढलेला फोटो आम्ही कुठेही वापरू शकतो ना?

विचारून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक छायाचित्रकार असतो. तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी तुमच्याकडे येते. म्हणजे मित्राने फुकट काढलेल्या फोटोची मालकी मित्राचीच राहते. ‘प्रसिद्धीसाठी वापरायला आणि वर्तमानपत्रांना द्यायला हरकत नाही’ एवढं त्याच्याकडून मेलवर घेऊन ठेवा आणि त्याचं नाव प्रत्येक वेळी द्या. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने तुमच्या कार्यक्रमात काढलेला फोटो परस्पर उचलून किटमध्ये टाकू नका.

गाणी कुठल्या स्वरूपात द्यायची?

ऐकायला स्ट्रीमिंगची लिंक. रेडिओ किंवा पॉडकास्टसाठी उतरवून घेता येईल अशी डब्ल्यूएव्ही फाइल आणि ३२० केबीपीएसची एमपी३. मेलला गाणं जोडू नका, समोरच्याची पेटी भरते. अजून प्रसिद्ध न झालेलं गाणं असेल तर खासगी लिंक द्या आणि कुठल्या तारखेआधी वाजवू नये ते ठळक लिहा.

तीनच गाणी निवडा, आणि सर्वांत चांगलं पहिलं. पहिल्या गाण्याची सुरुवात दीड मिनिटाच्या आलापाने होत असेल तर ते दुसऱ्या क्रमांकावर जाऊ द्या. प्रत्येक गाण्यासोबत गीतकार, संगीतकार, गायक, वादक, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, कालावधी आणि आयएसआरसी क्रमांक लिहा. ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक तुमचं गाणं स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून मिळालेला असतो, त्यांच्या डॅशबोर्डवर सापडतो. गाण्याचे शब्दही द्या. मराठी बातमीदाराला एखादा अंतरा उद्धृत करायला आवडतो, आणि ऐकून लिहून घेताना शब्द चुकतात.

व्हिडिओ म्यूझिक व्हिडिओच हवा का?

आयोजकाला तो नकोच असतो. त्याला हे बघायचं असतं की स्टेजवर तुम्ही कसे वाजवता आणि समोर बसलेले लोक उठून जातात की थांबतात. एका कॅमेऱ्याने, न कापता घेतलेला दोन-तीन मिनिटांचा लाइव्ह व्हिडिओ त्यासाठी उत्तम. फोन ट्रायपॉडवर आडवा लावा. आवाज मात्र फोनचा नको, मिक्सरमधून वेगळा घ्या आणि नंतर जोडा. हातात थोडे पैसे असतील तर ते इथे आणि फोटोंवर खर्च करा. किटमधलं बाकी सगळं घरबसल्या आणि फुकट होतं.

आमच्याबद्दल अजून एकही बातमी आलेली नाही. तो भाग मोकळा ठेवायचा?

तो भाग ठेवूच नका. त्याऐवजी कुठे वाजवलंत ते लिहा: महाविद्यालयाचा महोत्सव, गणेशोत्सवातला कार्यक्रम, गावच्या ग्रंथालयातली मैफल. ठिकाण, महिना आणि वर्ष एवढं पुरे. ज्या आयोजकांनी बोलवलं त्यांच्याकडून दोन ओळी मागून घ्या आणि त्या त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने छापा. ‘रसिकांनी डोक्यावर घेतलं’ असं निनावी वाक्य स्वतःच लिहून अवतरणात टाकणं हा खोटेपणा आहे. तो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

बातमी आली की त्याच दिवशी कात्रणाचा नीट स्कॅन करा. त्यावर वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख दिसली पाहिजे. हे पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडतं. परदेशाच्या प्रश्नात त्याबद्दल लिहिलं आहे.

व्ह्यूज आणि फॉलोअर्सचे आकडे द्यावेत का?

चांगले असतील तर द्या, तारखेसह. नसतील तर देऊ नका, कुणी विचारत नाही. विकत घेतलेले स्ट्रीम्स मात्र अंगाशी येतात. स्पॉटिफाय कृत्रिम स्ट्रीम्स मोजणीतून काढून टाकतं आणि २०२४ पासून अशा गाण्यांसाठी लेबल आणि डिस्ट्रिब्युटरकडून दंड वसूल करतं. तो शेवटी तुमच्याच खात्यातून कापला जाऊ शकतो. शिवाय लाखभर व्ह्यूज आणि चार कॉमेंट हे चित्र बघून आयोजक काय समजायचं ते समजतो. तुमच्या गावात तिकीट काढून दीडशे लोक आले होते, हा आकडा त्याच्यासाठी जास्त मोलाचा आहे.

टेक रायडर आणि स्टेज प्लॉट म्हणजे काय? आमच्यासारख्या छोट्या बँडला ते शोभतं का?

टेक रायडर म्हणजे कार्यक्रमासाठी तुम्हाला तांत्रिक काय काय लागतं, त्याचा कागद; स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट त्यातच येतात. शोभण्याचा प्रश्नच नाही. तुमचा आवाज लोकांपर्यंत नीट पोचावा म्हणून ते आहे, आणि मराठी वाद्यं वापरणाऱ्या बँडला तर ते इतर कुणाहीपेक्षा जास्त लागतं. ड्रम्स-बेस-गिटारला काय लागतं ते शहरातल्या कुठल्याही साउंड इंजिनिअरला पाठ असतं. संबळ त्याने आधी कधी हाताळलेला असेलच असं नाही.

स्टेज प्लॉट म्हणजे वरून बघितल्यासारखा स्टेजचा नकाशा: कोण कुठे उभं, कोण बसलेलं, मॉनिटर (वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर) कुठे, विजेचे पॉइंट कुठे. वहीच्या कागदावर काढून फोटो घेतलात तरी चालेल. प्रेक्षकांची बाजू कुठली ते लिहायला विसरू नका. बसून वाजवणारे असतील तर चौथऱ्याची लांबी-रुंदी-उंची द्या.

इनपुट लिस्ट म्हणजे माइकची क्रमवार यादी. वर सांगितलेल्या साताऱ्याच्या बँडचीच बघू. बेस ड्रम, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे ड्रम्सच्या वर लावलेले माइक, अशी पहिली चार चॅनेल ड्रम्सना. पाचवं बेस गिटारला, डीआय बॉक्समधून, म्हणजे माइक न लावता वाद्याची वायर मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून. सहावं गिटार अॅम्पसमोर ठेवलेल्या माइकला. सातवं आणि आठवं संबळाला: दोन भांडी, दोन सूर, म्हणून दोन माइक. इथे एक ओळ जास्तीची लिहा: ‘वादक कमरेला संबळ बांधून उभा राहतो आणि फिरतो, स्टँडवरचे माइक चालणार नाहीत, कडेला चिमट्याने लावायचे माइक हवेत.’ ही ओळ नसली की साउंड चेकची पंधरा मिनिटं स्टँड पुढे-मागे सरकवण्यात जातात आणि मग वादकाला एका जागी खिळून वाजवावं लागतं. गोंधळातली निम्मी मजा तिथेच जाते. नववं तुणतुण्याला. त्याचा आवाज एवढासा, शेजारी संबळ कडाडतोय, म्हणून तेही चिमट्याच्या माइकवर आणि संबळापासून लांबच्या बाजूला. दहावं आणि अकरावं गाणाऱ्या दोघांना. शेवटी प्रत्येकाला मॉनिटरमध्ये कुणाचा आवाज हवा ते. हार्मोनियम-तबल्याची साथ बाहेरून घेणार असाल तर तुमचा सूर आधी कळवा, ‘काळी दोन’ की ‘पांढरी चार’. त्या सुराचा तबला घेऊन यायला साथीदाराला तेवढा वेळ मिळतो.

तुम्ही स्वतः काय आणणार आणि आयोजकाने काय द्यायचं, हे दोन वेगळ्या शीर्षकांखाली लिहा. कमीत कमी किती सामानात कार्यक्रम होऊ शकतो तेही सांगा, कारण तालुक्याच्या ठिकाणी आठ चॅनेलचाच मिक्सर असू शकतो.

आम्ही अभंग, ओव्या आणि जुनी गाणी नव्याने करतो. श्रेय कसं द्यायचं?

भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुम्ही गाता ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते. ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी शोधून बघा. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर रेकॉर्ड करायचं असेल तर कायद्यातली वैधानिक परवान्याची वाट आहे. मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपून पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन ती वापरता येते. जाहीर कार्यक्रमातल्या गाण्यांचा परवाना आयपीआरएसकडून, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेल्या गीतकार-संगीतकार-प्रकाशकांच्या संस्थेकडून, सहसा आयोजक घेतात. त्यांना तुमची गाण्यांची यादी लागते. ती गीतकार-संगीतकारांच्या नावांसह किटमध्ये असू द्या.

ओव्यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या आणि आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर असलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि गाणाऱ्या बायांची आणि त्यांच्या गावांची नोंद त्यात काळजीपूर्वक ठेवलेली आहे. तिथून किंवा स्वतःच्या गावातून ओवी घेतलीत तर परवानगी विचारा आणि गाणारीचं नाव, गाव किटमध्ये लिहा. ‘लोकगीत’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. त्या बाईने ती ओवी सांभाळली म्हणून ती तुमच्यापर्यंत आली.

मानधनाचा आकडा किटमध्ये लिहावा का?

नाही. कार्यक्रमाचं ठिकाण, प्रवास आणि माणसं यांवर तो बदलतो. पॅन, आधार, बँकेचे तपशील तर उघड लिंकवर कधीच ठेवू नका. टीडीएस कापायला आयोजकाला पॅन लागतो, तो काम ठरल्यावर वेगळा द्या.

संपर्क कुणाचा द्यायचा?

एकाच माणसाचा, नाव आणि भूमिका लिहून. पाच जणांचे नंबर दिले की पाच वेगवेगळी उत्तरं जातात. अनोळखी नंबरचा फोन उचलणारा माणूस निवडा. बँडच्या नावाचा वेगळा मेल उघडा. गायिका एकटीने काम करत असेल तर स्वतःचा रोजचा नंबर देऊ नये, कामासाठी दुसरं सिम घ्यावं. नको तिथे नंबर फिरल्याचा त्रास अनेकींना झालेला आहे.

किट ठेवायचं कुठे? वेबसाइट लागतेच का?

वेबसाइट असेल तर तिच्यावरचं एक पान उत्तम. नसेल तर गूगल ड्राइव्हचं फोल्डर पुरतं. आत ‘परिचय’, ‘फोटो’, ‘गाणी’, ‘तांत्रिक’ असे चार कप्पे करा. पाठवण्याआधी सेटिंग ‘लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल’ असं आहे ना, ते बघा. मग दुसऱ्याच्या फोनवर, तुमचं खातं नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असा फलक दिसला की घाईतला माणूस तिथूनच परत फिरतो.

कधी पाठवायचं?

दैनिकांच्या पुरवण्यांना आठ-दहा दिवस आधी, मासिकांना दोन-तीन महिने आधी. दिवाळी पहाट आणि गणेशोत्सवाचे कार्यक्रम पावसाळ्यात, कधी त्याच्याही आधी ठरू लागतात. दसऱ्याला पाठवलेलं किट दिवाळीसाठी उशिराचंच. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं प्रसिद्ध व्हायच्या किमान सात दिवस आधी ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून सुचवावं लागतं. प्रसिद्ध झालेलं गाणं तिथून सुचवता येत नाही.

मेलमध्ये काय लिहू?

पाच-सहा ओळी. विषयात बातमी लिहा: ‘साताऱ्याच्या बँडचा ओव्यांचा ईपी, १२ डिसेंबरला प्रकाशित’. ‘प्रेस किट’ एवढाच विषय असलेला मेल उघडला जात नाही. ज्यांना पाठवता त्यांचं नाव घ्या, त्यांनी आधी कशावर लिहिलंय ते वाचून पाठवा. एकाच मेलमध्ये चाळीस पत्ते दिसत असतील तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी लिहील.

उत्तर आलं नाही तर?

चार-पाच दिवसांनी एकदा विचारा, संध्याकाळी सहानंतर डेस्कवर फोन करू नका, तेव्हा पानं लागत असतात. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर पुढच्या गाण्यापर्यंत थांबा. रोज ‘सर, बघितलं का?’ असा निरोप पाठवला की नंबर ब्लॉक होतो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना पाठवायचं असेल तर काही वेगळं करावं लागतं का?

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी भरतं, आणि गावोगावच्या मंडळांचे गणपती, दिवाळी, संक्रांतीचे कार्यक्रम असतात. तिथली निवड समिती नोकरी सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकांची असते, म्हणून व्हिडिओ आणि छोटा परिचय सर्वांत वर ठेवा. किती माणसं प्रवास करणार आणि तिथे कुठली वाद्यं मिळाली तर चालतील, हे स्पष्ट लिहा. ड्रम्स आणि अॅम्प तिथे मिळतात, संबळ इथूनच न्यावा लागेल.

अमेरिकेत सांस्कृतिकदृष्ट्या वेगळा कलाप्रकार सादर करणाऱ्यांसाठी पी-३ हा व्हिसाचा वर्ग आहे. त्यासाठीचा अर्ज तिथला आयोजक करतो आणि त्याला पुराव्याची कागदपत्रं लागतात. जाणकारांची पत्रं आणि छापून आलेली परीक्षणं त्यात मोडतात. मराठी कात्रणांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कापून फक्त स्वतःचा फोटो उरेल असं कात्रण ठेवलं असेल, तर इथे त्याचा काही उपयोग होत नाही.

किट किती दिवसांनी बदलायचं?

नवं गाणं आलं, सदस्य बदलला, मोठा कार्यक्रम झाला की लगेच. सोडून गेलेला ड्रमर फोटोत दिसतो आणि कार्यक्रमाला दुसराच येतो, असं झालं की बातमीत चुकीचं नाव छापलं जातं, आणि दोघांनाही वाईट वाटतं. बदल करताना जुनं फोल्डर पुसून नवी लिंक काढू नका, कारण जुनी लिंक कुणाकुणाच्या मेलमध्ये पडून असते आणि आयोजक सहा महिन्यांनी ती उघडतात. ड्राइव्हमध्ये फाइलवर ‘आवृत्त्या व्यवस्थापित करा’ हा पर्याय आहे. त्यातून नवी फाइल चढवली की लिंक तीच राहते आणि उघडणाऱ्याला नवा मजकूर दिसतो. प्रत्येक परिचयाच्या तळाशी ‘अद्ययावत’ लिहून महिना आणि वर्ष टाका.